'कालबाह्य' म्हणजे नेमकं काय? आष्टीच्या जुन्या कागदांवरून समजून घ्या

फोन दोन वर्षांचा झाला की कालबाह्य. गाणं मागच्या वर्षीचं असलं की कालबाह्य. आणि समोरच्याचं मत पटलं नाही, तर ते पूर्ण वाचायच्या आधीच कालबाह्य! सोशल मीडियावर हा शब्द सर्रास वापरला जातो. पण त्याचा नेमका अर्थ काय?

शब्दाची फोड

काल + बाह्य, म्हणजे काळाच्या बाहेर पडलेलं. एखादी गोष्ट ज्या गरजेसाठी आली ती गरजच उरली नाही, किंवा दुसऱ्या सोप्या मार्गाने भागू लागली, की ती कालबाह्य होते. म्हणजे प्रश्न वयाचा नाही, उपयोगाचा आहे. विळी कित्येक पिढ्यांची आहे, पण अनेक घरांत आजही रोज लागते. पेजर त्या मानाने कालपरवाचा, तरी तो कालबाह्य झाला.

इथे गल्लत होते

*कालातीत :* यातही काळाच्या पलीकडे जाणं आहे, पण अर्थ अगदी उलटा. कोणत्याही काळात टिकणारं ते कालातीत. ही स्तुती आहे.

*मुदतबाह्य :* ज्यावर तारीख लिहिलेली असते ते. गोळ्यांच्या पाकिटाची तारीख उलटली की औषध मुदतबाह्य.

*रद्द :* कायदा कालबाह्य झाला म्हणून आपोआप संपत नाही. तो रीतसर रद्द करावा लागतो.

*मोडीत निघणे :* जुनी पितळी भांडी मोडीत घालून नवी घ्यायची, त्या व्यवहारातून आलेला हा वाक्प्रचार.

'होणं' आणि 'ठरवणं'

या शब्दापुढचं क्रियापद नीट बघा. तार आधी कालबाह्य 'झाली', कारण लोक फोन आणि एसएमएस वापरू लागले. सेवा अधिकृतपणे बंद झाली ती नंतर, जुलै 2013 मध्ये. पण एखादी गोष्ट कालबाह्य 'ठरवली' असं म्हटलं, की विचारायला हवं : कोणी ठरवली आणि कोणासाठी?

आता आष्टीकडे येऊ

बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी मजकूर बऱ्याचदा मोडी लिपीत लिहिला जाई. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि सरकारी कामकाज देवनागरी मराठीत चालू लागलं. छपाईला देवनागरी सोयीची असल्याने मोडी आधीच मागे पडत होती. शाळांतूनही ती गेली आणि वाचणारे कमी होत गेले.

मग आलं 2023. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. बीडसह मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीचा सगळ्यांना विसर पडला होता, तिच्यातल्या एका ओळीवर घरातल्या मुलांचं जातप्रमाणपत्र, म्हणजे प्रवेश आणि नोकरीतली संधी अवलंबून राहिली.

आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, शब्दापुरता मुद्दा स्पष्ट आहे. रोजच्या वापरासाठी मोडी कालबाह्य झाली. पण मोडीत लिहिलेली नोंद कालबाह्य झाली नव्हती. लिपी हे साधन आणि नोंद हा पुरावा. साधन बदललं म्हणून पुरावा बाद होत नाही.

मग हा शब्द कधी वापरायचा?

वापरण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे *कशासाठी* कालबाह्य? उत्तर देता आलं, तर शब्द बरोबर. नाही आलं, तर तुम्हाला बहुतेक 'जुनं' किंवा 'मला आवडत नाही' एवढंच म्हणायचंय.

आणि घरातल्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या काळातले न वाचता येणारे कागद असतील, तर ते रद्दीत देऊ नका. आधी वाचून घ्या.