चार चाकांचा जोर आणि दोन कोसांची पाणंद

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहावे; चारही चाकांना जोर असलेल्या पाचसहा गाड्या तरी समोरून जातात. उंच, रुंद खांद्यांच्या, जणू सारा सह्याद्री पालथा घालायला निघालेल्या. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक भाजी आणायला किंवा मुलांना शिकवणीला सोडायला निघालेल्या असतात. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या आजोबांच्या दाराशीही भरभक्कम काठी असे आणि तिने त्यांनी कधी वाघ मारला नाही.

शिवाय नाशिककरांना या जातीच्या गाडीचे कौतुक असणारच. २०२० साली नव्या रूपात आलेली ‘थार’ इथल्याच कारखान्यात तयार होते, आणि आडरानात गाडी कशी हाकावी याचे शिक्षण देणारी शाळाही त्याच कंपनीने आपल्या इगतपुरीजवळ काढली. देवळालीला तोफखान्याची शाळा, त्यामुळे लष्कराच्या हिरव्या जिप्सी पाहतच आमची पिढी लहानाची मोठी झाली.

या गाड्यांची मूळ पणजी म्हणजे जीप. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, काटक, चारही चाकांनी ओढणारी गाडी तातडीने हवी होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने तिचा आराखडा काही दिवसांतच करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्यांनी ती लाखांनी बनवली. लहानाने वाट पाडावी आणि मोठ्याने तीवरून मिरवत जावे हा जगाचा न्यायच आहे. ‘जीप’ हा शब्द आला कोठून यावर पंडितांत अजून वाद आहे. मराठीने मात्र त्या वादात न पडता तिला स्त्रीलिंगी करून टाकले, आणि जुनी झाली की ‘जीपडे’ म्हणून नपुंसकलिंगीही. असो.

मी चालवतो ती जिम्नी. जपानमध्ये १९७० साली ती प्रथम आली तेव्हा तिचे इंजिन अवघे ३५९ सी. सी. चे होते; आज तेवढे मोटारसायकलींना असते. आपल्याकडे तिचीच बहीण जिप्सी म्हणून १९८५ पासून २०१९ पर्यंत धावली, आणि २०२३ साली पाच दरवाजांची जिम्नी आली. वजन साधारण बाराशे किलो. या हलकेपणाचे मोल चिखलात कळते.

ती घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. माझी सासुरवाडी सुरगाणा तालुक्यात आहे. डांबरी रस्ता संपल्यावर दोन कोस पाणंद, मध्ये एक ओहोळ आणि एक खडी चढण. पावसाळ्यात आमची साधी मोटार डांबर संपते तेथेच उभी राही आणि पुढे आम्ही चालत जाऊ. सासूबाईंचे वय झाले, त्यांना दर महिन्याला नाशिकला डॉक्टरांकडे आणावे लागू लागले, तेव्हा घरात या गाडीचा विषय निघाला.

गाडी आली म्हणजे चालवता येते असे नव्हे. माझे पहिले गुरू म्हणजे त्या गावचे एक ट्रॅक्टरवाले मामा. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, “सर, एक चाक हवेत गेलं तर काय व्हतं?” मी म्हणालो, “बाकीची तीन ओढतात.” मामा हसले. “तसं नाय ना. ज्या चाकाला काम नाय, त्येच जास्त फिरतं. घरातबी तसंच आसतंय.”

यंत्रशास्त्र याहून वेगळे सांगत नाही. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांच्या मध्ये जोर वाटून देणारी दंतचक्रांची जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. एक चाक निसरड्यावर गेले की सारी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे पळते आणि ते जागीच गरगरत राहते. जिम्नीत असे फिरणारे चाक ब्रेकने आपोआप धरले जाते आणि जोर जोडीच्या चाकाला मिळतो. पण त्यासाठी क्षणभर धीर धरून ॲक्सिलरेटर हलका, एकसारखा दाबून ठेवावा लागतो. नवशिका नेमका तेव्हा घाबरून पाय काढतो किंवा जोराने दाबतो.

गाडीत छोट्या दांड्याच्या तीन जागा असतात. पहिली नेहमीच्या रस्त्याची, मागच्या दोनच चाकांची. दुसरीत चारही चाके ओढू लागतात. ती चिखल, वाळू, सुटी खडी यांसाठी. कोरड्या डांबरावर ती लावू नये, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि पकड घट्ट असल्यामुळे सारा ताण यंत्रावर येतो. तिसरी जागा गाडी पूर्ण थांबवूनच लावायची. तिच्यात वेग निम्म्यावर येतो आणि जोर दुपटीने वाढतो. चढ-उताराची खरी मैत्रीण हीच.

चढणीवर गाडी सरळ न्यावी, तिरकी कधीही नाही. तिरकी गेलेली गाडी कुशीवर लोळते. मध्येच बंद पडली तर वळवण्याचा मोह टाळून, मागचा गिअर घालून, आली तशी सरळ मागे उतरवावी. उतरताना पहिला गिअर ठेवून क्लचवरून पाय काढावा आणि गाडी इंजिनाच्या आधाराने सावकाश येऊ द्यावी. हे शिकायला मला तीन रविवार लागले. मामा बांधावर बसून तंबाखू मळत आणि मधूनच ओरडत, “गाडीला घाई नाय सर, तुम्हालाच घाई!”

ओहोळाची रीत निराळी. आधी स्वतः उतरावे, काठीने तळ चाचपावा, मगच गाडी घालावी, आणि घातली की मध्ये थांबू नये. पाणी वाहते असेल तर शौर्य नको. फूटभर वाहते पाणी छोटी मोटार ढकलू शकते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. जेथे पायी चालवत नाही तेथून गाडी न्यायचीच नाही. गढूळ पाण्याच्या दिवसांत आम्ही अजूनही अलीकडेच थांबतो. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघे जण साकवावरून आणतात.

आणि आता काळी माती. बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली ही माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचांत लिंपून बसते, आणि हजारो रुपयांचा टायर केळीच्या सालासारखा गुळगुळीत होतो. हवा चौथ्या हिश्शाने कमी केली तर टायर पसरतो आणि पकड थोडी सुधारते; डांबरावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरायची, म्हणून छोटा पंप जवळ हवाच. पण भर पावसातल्या काळ्या मातीवर खरा उपाय म्हणजे दोन दिवस उन्हाची वाट पाहणे. दिवाळीनंतरचे दिवस शिकायला म्हणूनच उत्तम.

हे वाट पाहणे गाडीपेक्षा वाटेसाठी अधिक गरजेचे आहे. एका श्रावणात शहरातून आठदहा गाड्या याच पाणंदीवर मौजेसाठी आल्या. संध्याकाळपर्यंत चिखल उडवून, छायाचित्रे काढून मंडळी परतली. मागे गुडघाभर खोल दोन चाकोऱ्या राहिल्या. त्यांत पाणी साचले. दूधवाल्याची मोटारसायकल तीन आठवडे गावात येऊ शकली नाही, शाळेची मुले बांधावरून, लोकांच्या भातातून जाऊ लागली, आणि त्यावरून दोन घरांत भांडण झाले. चाकोऱ्यांत मुरूम भरायला गावाला चार दिवस श्रमदान करावे लागले. मी मुद्दाम विचारले, तेव्हा मामा एवढेच म्हणाले, “पोरं हौशी व्हती. पन रस्ता त्यांचा नव्हता ना.”

असे इतरत्रही घडते. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याला पोलिसांनी दंड केला. आपल्या अंजनेरीच्या पठारावर खरचुडीची एक जात आहे. तिला अंजनेरीचेच नाव मिळाले आहे आणि ती अत्यंत दुर्मिळ आहे. तिचा कंद जमिनीत असतो आणि पावसाळ्यापुरतीच ती वर डोकावते. वरून गेलेल्या चाकाला काहीच कळत नाही. तेव्हा रुळलेली वाट सोडून कुरणात, पठारावर किंवा किनाऱ्यावर गाडी घालू नये. शेतात जायचे तर मालकाला विचारून.

निघताना सोबत दुसरी गाडी असावी. ओढायचा पट्टा गाडीच्या चौकटीला जोडलेल्या हुकालाच बांधावा, आणि ओढताना पट्ट्याच्या लांबीइतक्या अंतरात कोणी, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये. सुटलेला हुक गोळीसारखा येतो. फावडे आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घ्यावी. पिण्याचे पाणी आपल्या अंदाजाच्या दुप्पट घ्यावे.

घरी आल्यावर गाडी खालून धुवावी, कारण चिखल ब्रेकमध्ये वाळून बसतो. खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचे तेल तपासून घ्यावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून ते लगेच बदलावे.