रग्बी : रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण?

फुटबॉलचे वेड आपल्या बेटावर लहानथोर सर्वांना आहे आणि व्हॉलीबॉलही गावोगावी खेळला जातो. त्यामुळे टेलिव्हिजनवर रग्बीचा सामना लागला की घरातील मंडळींची पहिली हरकत असते ती बाजूच्या रेषेबद्दल. "चेंडू तर आतच होता, मग झेंडा का वर झाला?" शाळेतील मुलेही मला हेच विचारतात. फ्रेंच समालोचक दोन्ही खेळांत 'तूश' हा एकच शब्द वापरतात, तेव्हा नियमही एकच असेल असे कोणालाही वाटावे. परंतु तसे नाही.

फुटबॉलमध्ये रेषा ही मैदानाचाच भाग असते. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. व्हॉलीबॉलमध्येही रेषेवर पडलेला चेंडू आत धरतात. रग्बीत मात्र रेषा बाहेरची. त्या पांढऱ्या पट्ट्याला चेंडू लागला की खेळ थांबला.

दुसरी गोष्ट खेळाडूंची. चेंडू हातात असलेला खेळाडू आणि चेंडू, ही दोन्ही एकच समजली जातात. त्याच्या बुटाचे टोक किंवा हाताचे एक बोट रेषेला टेकले तरी चेंडू बाहेर गेला, मग चेंडू मैदानाच्या बाजूला हातभर आत का असेना! ज्याच्या हाती चेंडू नाही, त्याला मात्र रेषेचे बंधन नाही. तो बाहेरून धावून परत आत आला तरी केवळ त्यासाठी शिट्टी वाजत नाही. इतकेच काय, बाहेर उभा राहून त्याने आतला चेंडू न पकडता पायाने मारला किंवा हाताने ढकलला, तरी खेळ चालू राहतो.

आता हवेतील चेंडूकडे वळू. रेषेवर एक काचेचा पडदा आकाशापर्यंत उभा आहे, अशी कल्पना करा. चेंडू नुसता पडद्यापार गेला म्हणून बाहेर होत नाही. मैदानात पाय रोवून खेळाडूने हात लांब करून तो पकडला, तर खेळ चालू. त्याने मैदानातून उडी मारली, पडद्यापलीकडे चेंडू पकडला आणि स्वतः जमिनीवर पडण्यापूर्वी आत फेकला, तरीही चालू. बाहेरून उडी मारून, हवेत चेंडू पकडून मैदानात उतरला, तरी चालू!

परंतु ज्याचा पाय आधीच रेषेवर किंवा बाहेर आहे त्याने चेंडू पकडला, तर तो बाहेरच. प्रश्न उरतो तो दोष कोणाचा एवढाच. चेंडू पडद्यापर्यंत पोहोचला असेल तर तो मारणाऱ्याने बाहेर घालवला असे धरतात आणि फेक पकडणाऱ्याच्या संघाला मिळते. पोहोचला नसेल तर पकडणाऱ्यानेच तो बाहेर नेला आणि फेक दुसऱ्या संघाला. जुन्या नियमांत येथे एक पळवाट होती. चेंडू अजून घरंगळत असला, तर पाय बाहेर ठेवून तो उचलणाऱ्या चतुर खेळाडूला फेक मिळत असे. 2018 साली नव्याने लिहिलेले नियम लागू झाले आणि चेंडू हलता की थांबलेला हा भेदच गेला. माझ्या मते हे योग्यच झाले. मात्र रेषापंचाचे काम सोपे राहिलेले नाही. एकाच क्षणी त्याने पाय पाहायचे आणि चेंडूही पाहायचा!

एका बुटाने काय होते, हे 20 ऑक्टोबर 2007 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये जगाने पाहिले. विश्वचषकाचा अंतिम सामना होता. मध्यंतराला दक्षिण आफ्रिका इंग्लंडपेक्षा 9-3 ने पुढे होती. मध्यंतरानंतर लगेच इंग्लंडच्या मॅथ्यू टेटने बचाव फोडला आणि चेंडू डाव्या कोपऱ्याकडे मार्क क्युएटोपर्यंत आला. डॅनी रॉसोने धावत येऊन त्याला टॅकल केले, तरी क्युएटोने चेंडू गोलरेषेपार टेकवला. मुख्य पंच अलँ रोलाँ यांनी निर्णय दूरचित्रपंच स्टुअर्ट डिकिन्सन यांच्याकडे सोपवला. पुन्हा पुन्हा चित्रे पाहिली गेली. चेंडू टेकण्याच्या आधी क्युएटोचा पाय रेषेला लागला होता! ट्रायचे 5 गुण गेले. आधीच्या पेनल्टीवर जॉनी विल्किन्सनने 3 मिळवले खरे, पण सामना दक्षिण आफ्रिकेने 15-6 असा जिंकला. इंग्लंडमध्ये त्या पायाची चर्चा अजून चालते.

आजकाल कडेचे खेळाडू कोपऱ्यात अशी झेप घेतात की सारे अंग मैदानाबाहेर तरंगत असते आणि एक हात तेवढा आत चेंडू टेकवतो. अंग कशालाही टेकले नाही तोवर तो ट्राय खरा. पूर्वी कोपऱ्यातील झेंड्याचा खांब लागला तरी ट्राय जाई. 2009 पासून नुसत्या खांबाला लागल्याने चेंडू बाहेर होत नाही. खांब वाऱ्यानेही हलतो. त्याच्यापायी मुलाचा ट्राय जावा, हे मला कधीच पटले नव्हते.

ज्याने बाहेरच उभे राहिले पाहिजे असा मात्र एकच खेळाडू असतो, तो म्हणजे लाइनआउटला चेंडू आत फेकणारा. चेंडू हातातून सुटेपर्यंत त्याने मैदानात पाऊल ठेवायचे नाही. आणि चेंडूसह बाहेर गेलेल्या खेळाडूने तो लगेच प्रतिस्पर्ध्याला सोडायचा असतो, कारण रांगा उभ्या राहण्यापूर्वीच झटपट फेक करण्याचा त्यांना हक्क आहे. अडवून धरला तर पेनल्टी. ही झटपट फेक त्याच चेंडूने करायची आणि तो मधल्या वेळात तिसऱ्या कोणाचाही हात न लागलेला हवा. शाळेच्या मैदानावर रेषेबाहेर आलेला चेंडू एखादे लहान मूल मोठ्या कौतुकाने उचलून देते. मग झटपट फेक गेली, आणि दोन्ही संघांच्या रांगा लागेपर्यंत सर्वांनी थांबायचे.