पुनर्वसनाच्या कागदावर बसथांबा कुठे आहे?

पुण्यातील वाहतुकीची चर्चा कोंडीपासून सुरू होते आणि उड्डाणपुलावर संपते. विद्यापीठ चौकातला पूल 2020 मध्ये पाडला गेला, कारण तो मेट्रोच्या आड येत होता. त्याच जागी आता नवा दुमजली पूल उभा राहिला आहे. वर्तमानपत्रांत त्यावर रकानेच्या रकाने भरले. या सगळ्या चर्चेत गाडीत अडकलेला माणूस असतो. पहाटे साडेपाचला बसथांब्यावर उभी असलेली बाई त्यात सहसा नसते. नगरनियोजन हा इंजिनिअर आणि बिल्डर यांचा विषय आहे असे आपल्या तरुणांनाही वाटते, ते बहुधा यामुळेच. प्रत्यक्षात वस्ती कुठे, काम कुठे आणि मधले अंतर कोणाच्या खिशातून कापले जाते, एवढाच हा प्रश्न आहे.

शिवाजीनगरचे उदाहरण घेऊ. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात ते जिल्हा न्यायालय स्थानक आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या शेजारी, नदीकाठाला, कामगार पुतळा आणि राजीव गांधी नगर या वस्त्या होत्या. मेट्रोच्या कामासाठी त्या हटवल्या गेल्या आणि बरीचशी कुटुंबे हडपसर आणि विमाननगर भागातील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत पाठवली गेली. रहिवाशांची मागणी जवळपास घर मिळावे अशी होती. कारण साधे होते. कोर्ट, महापालिका, मंडई, डेक्कन, जंगली महाराज रस्ता हे सगळे तिथून पायी अंतरावर होते. आता विमाननगरला गेलेल्यांना निदान रामवाडी स्थानक त्या बाजूला आहे, तेही मार्च 2024 पासून. हडपसरला अजून मेट्रो नाही. म्हणजे शहरातल्या ज्या एका जागेवरून चारही दिशांना मेट्रोने जाता येते, तिथले लोक अशा ठिकाणी गेले जिथून बसशिवाय पर्याय नाही.

त्यांना पक्के घर मिळाले, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी घरात येण्याचे दुःख ज्याने पाहिले तो पक्क्या भिंतीला नावे ठेवणार नाही. माझा आक्षेप हिशोबाच्या पद्धतीला आहे. पुनर्वसनात काय मोजले जाते? रहिवासाचा पुरावा किती जुना आहे: 1 जानेवारी 2000 पूर्वीचा असेल तर घर मोफत, त्यानंतर 2011 पर्यंतचा असेल तर पैसे भरून. खोली किती चौरस फुटांची, कितव्या मजल्यावर. कामाची जागा किती लांब गेली, पहिली बस किती वाजता सुटते, मुलांची शाळा कोणती, यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

आता तो रकाना आपणच भरू. 1 जून 2025 पासून पीएमपीएमएलचे भाडे वाढले. एका महापालिकेच्या हद्दीत चालणारा दैनिक पास 40 रुपयांना होता, तो 70 झाला. मासिक पास 900 वरून 1500 रुपयांवर गेला. घरातली दोन माणसे कामाला जात असतील तर महिन्याचे 3000 रुपये. पूर्वी हीच माणसे चालत जात असतील तर हा खर्च शून्य होता. वस्त्यांत घरकाम करणाऱ्या बायकांशी बोलताना मी अनेकदा ऐकले आहे की एका घरच्या धुण्याभांड्याचे पैसे पासातच जातात. मग ते एक काम सोडून दिले जाते. याची नोंद कुठल्याही प्रकल्प अहवालात होत नाही.

कामाचे स्वरूपही समजून घ्यायला हवे, कारण बसची वेळापत्रके कार्यालयात जाणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखली जातात: सकाळी एकदा जायचे, संध्याकाळी एकदा यायचे. घरकाम करणारी बाई सकाळी तीन सोसायट्या करते, दुपारी घरी येऊन मुलांना जेवायला घालते आणि पुन्हा संध्याकाळी दोन घरे करते. सफाई कामगाराला पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी लावायची असते. कचरावेचकांचे तर आणखी वेगळे. भंगाराचे पोते घेऊन कंडक्टर बसमध्ये चढू देईल का? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून या लोकांना संघटित करते आहे. त्यातल्या बहुसंख्य बाया दलित आहेत. त्यांच्यासाठी कामाजवळ राहणे हीच उपजीविकेची पहिली अट असते. वस्ती दहा किलोमीटर लांब गेली की धंदाच मोडतो.

आपल्या समाजाला प्रवासाचा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. लहानपणी मसूर स्टेशनवर उतरल्यावर बैलगाडीवाला त्यांना गाडीत घ्यायला तयार नव्हता. दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागली. 1929 मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला, सवय नसलेल्या माणसाला तो हाकावा लागला, आणि टांगा उलटून बाबासाहेब जखमी झाले. या पार्श्वभूमीवर शहरातली बस ही किती मोठी गोष्ट आहे ते कळते. तिकीट काढले की शेजारी कोण बसले आहे हे विचारायचा कोणाला अधिकार नाही. गावात महारवाडा गावकुसाबाहेर होता, म्हणून लोक शहरात आले. शहराने त्यांना पुन्हा हद्दीजवळ नेऊन ठेवले आणि मध्ये बसही पुरेशी दिली नाही, तर फरक किती उरला?

आणि हे एका शिवाजीनगरवर थांबणारे नाही. मेट्रोची स्थानके वाचा: दापोडी, बोपोडी, खडकी, मंगळवार पेठ, येरवडा. आपल्या जुन्या वस्त्यांची नावे आहेत ही. मेट्रो स्थानकाच्या 500 मीटर परिसरात 4 पर्यंत एफएसआय देण्याचे धोरण आहे, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकाम. स्थानकाजवळ जास्त लोक राहावेत हा विचार मुळात चांगलाच आहे. पण तिथे आधीच दाटीने राहणारे, सर्वांत जास्त चालणारे आणि बस वापरणारे लोक आहेत. चौपट बांधकामाची परवानगी आली की त्याच जमिनीकडे बिल्डर वेगळ्या नजरेने पाहतो. वस्तीचे लोक जागेवर राहिले आणि मेट्रोत बसले, तर हे धोरण यशस्वी म्हणता येईल. ते उठून गेले आणि त्यांच्या जागी दोन-दोन पार्किंग असलेले फ्लॅट आले, तर मेट्रोच्या दारात आणखी मोटारी आणून ठेवल्यासारखे होईल.

बसचे काय झाले तेही थोडक्यात. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी पुण्यात सुरू झाली. कल्पना सोपी होती: बसला रस्त्यात स्वतःची मार्गिका द्यायची, म्हणजे पन्नास माणसांची बस चार मोटारींच्या मागे अडकणार नाही. अंमलबजावणी मात्र अर्धवट झाली. मार्गिका तुटक, रस्ता ओलांडणे धोकादायक, खासगी वाहनांची घुसखोरी. दुरुस्ती करायची सोडून पुढे नगर रस्त्यावरच्या मार्गिकाच उखडल्या गेल्या. हा येरवडा, खराडी, वाघोलीकडचा रस्ता, म्हणजे कष्टकऱ्यांचा मोठा बसमार्ग. याच रस्त्याने आपण 1 जानेवारीला पेरणेच्या जयस्तंभाकडे जातो. त्या दिवशी प्रशासन वाहनतळ ठरवते, तिथून पीएमपीएमएलच्या बस सोडते आणि लाखो लोकांची ने-आण होते. म्हणजे जमत नाही असे नाही.

पीएमपीएमएल ही 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून झालेली कंपनी आहे. तिची तूट दोन्ही महापालिका 60 आणि 40 टक्के अशी भरतात. म्हणून भाडेवाढ टाळायची तर तूट भरायला पैसा किती ठेवायचा, हा निर्णय महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. 2025 ची भाडेवाढ त्याच काळातली. प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता.

बोलण्याच्या जागा मात्र आहेत, आणि त्या आपण फारशा वापरत नाही. 2013 मध्ये जुन्या शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती आणि सूचना आल्या. सोसायट्या, जमीनमालक, पर्यावरणवादी गट सगळे लिहीत होते. आपल्या विहारांतून किती गेल्या असतील? हरकत साध्या मराठीत, साध्या कागदावर देता येते आणि तिच्यावर सुनावणीही मागता येते. दुसरी जागा महापालिकेच्या अंदाजपत्रकातील नागरिकांच्या सहभागाची. 2006-07 पासून ही योजना आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, दिवे, बसथांबा अशी छोटी कामे सुचवता येतात. वस्तीच्या तोंडाशी छप्पर असलेला थांबा हवा असेल तर नेत्याच्या मागे लागण्याआधी हा अर्ज भरून पाहावा.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, ती पुनर्वसनाच्या संमतीची. बिल्डरची माणसे नकाशा घेऊन वस्तीत येतात तेव्हा बहुतेक चर्चा खोलीच्या आकारावर आणि भाड्याच्या रकमेवर होते. तेवढ्यावर सही करू नका. दोन-तीन तरुणांनी वही घेऊन आधी घरोघरी फिरावे: कोण कुठे कामाला जाते, किती वाजता निघते, कशाने जाते, किती खर्च येतो. शंभर घरांची अशी यादी एका रविवारात तयार होते. मग नवी जागा नकाशावर दाखवली गेली की त्यांना विचारा: इथून कोणत्या क्रमांकाची बस कोठीवर सहाच्या आत पोचते? आणि उत्तर लेखी मागा.