स्वस्त वेब होस्टिंगमधील ‘अमर्याद’ साठवण व बँडविड्थ : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही एकेकाळी हौसेची बाब होती. नॅकने जुलै २०१७ मध्ये सुधारित मूल्यांकन पद्धती लागू केल्यानंतर स्वयंमूल्यमापन अहवालासोबत पुराव्याची कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे देण्याची रीत रूढ झाली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेली बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये, मग ती चिखलीची असोत वा जळगाव जामोदची, याला अपवाद नाहीत. दुवा उघडला नाही तर पुरावाच नाही, असा याचा अर्थ होतो. असे असूनही संकेतस्थळासाठी सर्व्हरवरील जागा घेताना तीन दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि ‘अनलिमिटेड स्पेस, अनलिमिटेड बँडविड्थ’ असे लिहिलेले सर्वांत स्वस्त दरपत्रक मंजूर होते. प्रस्तुत लेखकानेही अशा एका तक्त्यावर स्वाक्षरी केलेली आहे; त्यामुळे पुढील विवेचनास काही अंशी प्रायश्चित्त समजण्यास हरकत नाही.

बँडविड्थ आणि डेटा-वहन

या दोन संज्ञांची सरमिसळ हे गोंधळाचे पहिले मूळ होय. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहू शकते तो वेग. डेटा-वहन म्हणजे महिनाभरात एकूण किती माहिती वाहिली ते परिमाण. जाहिरातीत ‘१० जीबी बँडविड्थ’ असे लिहिलेले असते तेव्हा प्रत्यक्षात मासिक वहनाची मर्यादा सांगितलेली असते. १० जीबी म्हणजे ८,००० कोटी बिट. तीस दिवसांच्या महिन्यात २५,९२,००० सेकंद असतात. भागाकार केला असता सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३१ किलोबिट येतो. जुन्या डायल-अप मोडेमचा कमाल वेगही ५६ किलोबिट होता! अर्थात संकेतस्थळाला सतत भेटी मिळत नाहीत, म्हणून ही सरासरी एरवी पुरते. परंतु प्रवेशाच्या काळात ५ एमबीचे माहितीपत्रक ३,००० विद्यार्थ्यांनी उतरवून घेतले तर १५ जीबी खर्ची पडतात आणि ‘५०९ : बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’ असा संदेश नेमका त्याच आठवड्यात झळकतो.

‘अमर्याद’ म्हणजे काय?

एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरावे. पासधारकास मुदतीत कितीही प्रवास करता येतो. पण त्यामुळे बुलढाणा-मलकापूर गाडीतील आसने वाढत नाहीत. सामायिक होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो ग्राहकांची खाती असतात. बहुतेकांचा वापर अत्यल्प असतो, या भरवशावर उपलब्ध जागेपेक्षा अधिक जागा विकली जाते. हा व्यवहार मुळात अप्रामाणिक आहे असे म्हणता येणार नाही. विमा आणि बँकाही अशाच गणितावर चालतात. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो खरी मर्यादा दुसऱ्याच नावाने अटींच्या पानात लपविली जाते तेव्हा.

त्यातील प्रमुख नाव आयनोड. सर्व्हरवरील प्रत्येक फाइल व प्रत्येक फोल्डर एक आयनोड व्यापते. पत्रपेटीतील प्रत्येक ई-मेलचीही बहुधा स्वतंत्र फाइल असते. समजा, जागा ‘अमर्याद’ आहे आणि आयनोडची मर्यादा २,५०,००० आहे. फाइलचा सरासरी आकार ४० केबी धरल्यास ही अमर्याद जागा १० जीबीतच संपते. दुसरी मर्यादा एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची. ती २० असेल आणि गुणवत्ता यादी लागताच दोनशे विद्यार्थ्यांनी एकदम पान उघडले, तर जागा व वहन दोन्ही शिल्लक असूनही अनेकांना ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. याखेरीज, जागा केवळ संकेतस्थळाच्या पानांसाठी वापरावी, दस्तऐवजांच्या संग्रहासाठी नव्हे, असेही कलम अनेकदा आढळते. नॅकसाठी चढविलेल्या शेकडो पीडीएफ फाइली या कलमात सहज सापडू शकतात.

येथे आपलाही एक दोष नोंदवावा लागेल. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी टंकांत लिहिलेली इतिवृत्ते आपण छापतो, स्कॅन करतो आणि चित्ररूपात चढवितो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तरीही मजकुराची फाइल काही केबींत मावते. त्याच मजकुराचे रंगीत स्कॅन अनेक एमबी होते.

पर्याय व कायदा

दुकान बदलले म्हणजे मालक बदलतो असे नाही. होस्टगेटर व ब्लूहोस्ट ही दोन्ही नावे एन्ड्युरन्स या एकाच कंपनीकडे होती आणि २०२१ मध्ये ती न्यूफोल्ड डिजिटलकडे गेली. शैक्षणिक संस्थांना एसी.इन हे क्षेत्रनाम देणारी अर्नेट इंडिया ही शासकीय संस्था होस्टिंगही पुरविते. तुलनात्मक तक्त्यात तिला स्थान असावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली आहे. त्याखाली ९ जून २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाच्या तळटीपेने मुख्य दाव्याचे खंडन करता येत नाही आणि दिशाभूल करणारा दावा तळटीप जोडून दुरुस्तही करता येत नाही. ‘अमर्याद’ या शब्दाखाली बारीक अक्षरांत दिलेली मर्यादा या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे. म्हणून आयनोड, एकाच वेळच्या प्रक्रिया, मासिक वहन, दस्तऐवज ठेवण्याची मुभा आणि दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरण दर ही माहिती दरपत्रकातच लेखी मागवावी आणि मूळ जाहिरातीची दिनांकासह छापील प्रत खरेदीच्या नस्तीत लावून ठेवावी.