डाव्या रेणूचा फरमा आणि आंरी कागाँ

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते. कंपवातावरचे हेच औषध कारखान्यात कसे घडवतात, असे एका वाचकाने विचारले आहे. या प्रश्नाच्या उत्तरात एका शास्त्रज्ञावर झालेला अन्यायही सांगावा लागतो.

डोपाचे रेणू दोन तऱ्हेचे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. रुग्णाला उपयोगी पडतो तो फक्त डावा. वनस्पती नेमका तोच घडवते. साध्या रासायनिक क्रियेत मात्र दोन्ही निम्मे-निम्मे निघतात, कारण मूळ रेणूतल्या चपट्या दुहेरी बंधावर हायड्रोजन वरूनही बसतो आणि खालूनही.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या मोन्सॅन्टो कंपनीत विल्यम नोल्स यांनी १९६८ साली हायड्रोजन बसवणाऱ्या ऱ्होडियम या धातूला एकाच बाजूचे, असममित फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसयुक्त रेणू, जोडले. बूट शिवणाऱ्याकडे डाव्या पायाचा एक फरमा असला, की त्यावर हवे तितके डावे बूट घडतात आणि फरमा तसाच राहतो. नोल्स यांना असा फरमा हवा होता, तोही रेणूच्या मापाचा! पहिला फरमा फारच ढिला निघाला. शंभरात जेमतेम सत्तावन्न रेणू एका बाजूचे.

तो घट्ट कसा करायचा, हे १९७१ मध्ये फ्रान्सच्या आंरी कागाँ यांनी दाखवले. आपल्या चिंचेतही असते त्या टार्टारिक आम्लापासून त्यांनी ‘डायॉप’ बनवले. त्यात फॉस्फरसचे अणू दोन, आणि दोघे मिळून धातूला चिमट्यासारखे धरतात. शिवाय दोन्ही अर्धे अगदी सारखे. त्यामुळे येणाऱ्या रेणूला वेडेवाकडे बसायच्या वाटाच कमी उरतात. किती साधी आणि किती सुंदर युक्ती! ऱ्होडियमची डावी-उजवी निवड फॉस्फरसवरच नव्हे, तर त्यामागच्या कार्बनच्या सांगाड्यावरही सोपवता येते, हेही त्यातून कळले.

मग नोल्स यांनी आपलेही दोन फॉस्फिन एकत्र जोडले. त्या ‘डायपॅम्प’मुळे शंभरात सत्त्याण्णवहून अधिक रेणू हव्या त्या बाजूचे मिळाले आणि १९७४ मध्ये लेव्होडोपाचे उत्पादन या मार्गाने सुरू झाले.

एकाच बाजूचे रेणू घडवण्याच्या या संशोधनासाठी २००१ चा वुल्फ पुरस्कार कागाँ, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळाला. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये नोयोरी होते, शार्पलेस होते, नोल्स होते. कागाँ नव्हते. नोल्स यांचा हक्क निर्विवाद आहे, पण एका पुरस्कारात तिघांहून अधिक नावे नकोत, या नियमाने इथे मोठेच नुकसान केले. नोयोरींचा ‘बायनॅप’, ज्याच्या जोरावर जपानची ताकासागो कंपनी मेन्थॉल बनवते, तोही डायॉपसारखा दोन फॉस्फरसांचा आणि दोन सारख्या अर्ध्यांचाच आहे.