गाडीची नाडी

विद्यार्थ्यांनो, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून ठेवलेली जुनी मोटार तुम्ही पाहिली असेल. भोवती चार माणसे जमतात. एक म्हणतो, "पेट्रोल येत नसेल." दुसरा म्हणतो, "बॅटरी गेली." तिसरा सरळ सांगून टाकतो, "इंजिन बसले." तपासलेले मात्र कोणीच काही नसते.

2011 साली माझ्या चाचांवर अशीच वेळ आली. ते मालेगावला यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. दादीला डोळ्यांच्या उपचारासाठी दर महिन्याला नाशिकला न्यावे लागे आणि एस.टी.चा प्रवास तिला झेपत नसे. म्हणून चाचांनी साठवलेल्या पैशांतून 1996 सालची मारुती 800 गाडी 35,000 रुपयांना घेतली. दोन महिने ती बरी चालली. मग उभी असताना थरथरू लागली. राहुड घाटात तर ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. एका मेकॅनिकने नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावे लागेल. 12,000 रुपये होतील." एवढे पैसे चाचांकडे नव्हते. ते गाडी भंगारात द्यायला निघाले होते.

शेजाऱ्यांनी त्यांना एका वयस्कर उस्तादांकडे पाठवले. मी तेव्हा बी.एड. करत होतो. सुट्टी होती, म्हणून मीही गेलो.

उस्तादांनी काय केले, हे समजण्यासाठी इंजिन कसे चालते ते आधी पाहू. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. पिस्टन वर जाताना ते मिश्रण दाबले जाते. मग प्लगमधून ठिणगी पडते. घरी आपण जिला चिंगारी म्हणतो, तीच ही ठिणगी. मिश्रण पेटते, पिस्टन जोराने खाली ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर जातो. म्हणजे हवा, पेट्रोल, दाब आणि योग्य वेळी ठिणगी, एवढ्या चार गोष्टी इंजिनाला लागतात. इंजिन नीट चालत नसेल तर यांपैकी काहीतरी कमी पडत असते.

मारुती 800 च्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. त्यांपैकी एक बंद पडला तर एक तृतीयांश ताकद गेली! सपाट रस्त्यावर हे चालून जाते. घाटात चालत नाही.

उस्तादांनी आधी हत्याराला हात लावलाच नाही. हकीम नाडी पाहण्यापूर्वी विचारपूस करतात, तसे त्यांनी विचारले, "भाईजान, गाडी थंड असताना थरथरते की तापल्यावर? ऑइल किती पिते? धूर कोणत्या रंगाचा येतो?"

धुराचा प्रश्न महत्त्वाचा होता. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रिंगा झिजल्या की असे होते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. कधी कधी नुसता एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. पांढरा दाट धूर सतत येत असेल आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल, तर ते पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी असते. चाचांच्या गाडीला निळा धूर नव्हता. पट्टी काढून पाहिली तर ऑइलही पुरेसे होते. रिंगांची गोष्ट इथेच शंकास्पद ठरली.

मग उस्तादांनी इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या तारा एकेक करून काढल्या आणि पुन्हा लावल्या. (या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो. तुम्ही हे करायला जाऊ नका.) पहिली तार काढली तेव्हा इंजिन आणखी थरथरले. दुसरी काढली तेव्हाही तसेच झाले. तिसरी काढली, आणि काहीच फरक पडला नाही! तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

इंजिन बंद करून त्यांनी तिन्ही प्लग काढले. दोन प्लगांची टोके फिकट तपकिरी होती. तिसरा काळा आणि ओला होता, त्याला पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते, पण पेटत नव्हते. आता दोष दाबात किंवा ठिणगीत.

दाब त्यांनी मीटर लावून मोजला. तिन्ही सिलिंडरांत तो जवळजवळ सारखा निघाला. तिसऱ्यात कमी निघाला असता तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या असतात, वाढला नाही तर बहुधा झडपा गळत असतात. इंजिन न खोलता हे कळते, तरी किती गाड्या उगीच खोलल्या जातात!

राहिली ठिणगी. उस्तादांनी तिसरा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला. तरीही तिसराच बंद राहिला, म्हणून प्लग निर्दोष ठरला. मग त्यांनी दुसऱ्या गाडीची एक चांगली तार आणून फक्त तिसरी तार बदलली. इंजिन लगेच शांत चालू लागले. एका वेळी एकच वस्तू बदलली, म्हणून दोष कोणात होता ते नक्की कळले. प्लग आणि तार एकदम बदलले असते, तर गाडी सुधारली असती, पण कशामुळे ते कळले नसते.

खात्रीसाठी उस्तादांनी जुनी तार परत लावली आणि गॅरेजचे दार ओढून घेतले. अंधारात त्या तारेच्या एका बारीक भेगेतून निळी ठिणगी इंजिनाच्या लोखंडावर उडताना आम्ही पाहिली. घाटात त्रास वाढण्याचे कारणही हेच होते. चढावर सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येते, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. विजेला भेगेची वाट सोपी पडते.

मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबले. आजच्या गाड्यांत संगणक असतो. मेकॅनिक यंत्र जोडतो आणि पडद्यावर ‘पी 0303’ असा क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ, तिसऱ्या सिलिंडरमधले मिश्रण नीट पेटत नाही. पण का पेटत नाही, हे तो क्रमांक सांगत नाही. प्लग, ठिणगीची कॉइल, पेट्रोलचा फवारा सोडणारा इंजेक्टर, सगळे पुढे माणसालाच तपासावे लागते.

उस्तादांनी तारांचा नवा संच बसवला, काळा प्लग घासून परत लावला आणि मजुरीसह 400 रुपये घेतले. पुढच्या महिन्यात आम्ही दादीला घेऊन नाशिकला निघालो. राहुड घाटात चाचांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली. दादी मागून म्हणाली, "अरे, हळू चालव."