रीलमध्ये दिसणारी ‘तांब्याची माती’ नेमकी असते काय? आणि तिचा दागिना बनतो कसा?

एक चॉकलेटी गोळा. तो लाटायचा, त्यावर पिंपळाचं पान दाबायचं, कडा कापायच्या आणि पुढच्याच सेकंदाला तांब्याचं लखलखीत कानातलं तयार! असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. त्या एका कटमध्ये भट्टीचे कित्येक तास गायब झालेले असतात. खरी गंमत आणि खरी फजिती तिथेच होते.

पहिली गोष्ट म्हणजे कॉपर क्लेमध्ये माती नसतेच. तांब्याची अगदी बारीक पूड, ती धरून ठेवणारं चिकट द्रव्य आणि पाणी, एवढाच मामला. वाळलेला तुकडा भट्टीत गेला की चिकट द्रव्य जळून जातं आणि तांब्याचे कण न वितळता एकमेकांना घट्ट चिकटतात. याला सिंटरिंग म्हणतात. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं आणि ही भाजणी त्याच्या थोडी खाली, साधारण 900 ते 980 अंशांवर होते. त्यामुळे घरचा ओव्हन किंवा एअर फ्रायर इथे उपयोगाचा नाही.

मेटल क्लेची सुरुवात जपानची. मित्सुबिशी मटेरिअल्सने 1990 च्या दशकात चांदीची क्ले बाजारात आणली, तांब्याची त्यानंतर आली. चांदी उघड्या हवेत तापवली तरी फारसं बिघडत नाही, पण ती महाग. तांबं स्वस्त, म्हणून प्रयोग करायला बरं. अडचण फक्त एक, ऑक्सिजन.

तापलेल्या तांब्याला हवा लागली की कणांवर ऑक्साइडचा काळा थर चढतो आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून आधी चिकट द्रव्य जाळून घेतात. मग तुकडा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशात पुरून भाजतात. कोळसा डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा विषारी वायू आहे, त्याला ना वास ना रंग. बंद खोलीत ही भट्टी लावणं म्हणजे जिवाशी खेळ. काही ब्रँडची क्ले उघड्यावरही भाजता येते. तेव्हा वर काळा पापुद्रा धरतो आणि तापलेला तुकडा पाण्यात टाकला की तो बराचसा सुटतो.

दुसरी फजिती मापाची. कणांमधली जागा मिटते, तसा दागिना आकसतो. किती, ते ब्रँडवर आणि भाजणीवर ठरतं. म्हणून अनुभवी लोक थेट अंगठी करत नाहीत. आधी 50 मिलिमीटरची पट्टी भाजतात. ती 40 वर आली, तर आकसणं 20 टक्के. म्हणजे आतून 18 मिलिमीटरची अंगठी हवी असेल तर कच्ची 22.5 ची करावी लागते. हीच पट्टी वाकवूनही बघतात. वाकली तर भाजणी जमली, कट्कन मोडली तर आतून कच्ची.

जमलेलं कानातलं पुढे काळवंडणारच, घरातल्या तांब्यासारखं. तिथे चिंच चालते. तिच्यातलं आम्ल तोच ऑक्साइडचा थर विरघळवतं. तांब्याच्या अंगठीने बोट हिरवं झालं तरी घाबरू नका, घामाची तांब्याशी झालेली ती प्रक्रिया आहे. साबणाने जाते.